टीव्ही काढायचा तर एसव्ही आणा

ठाण्यात आमच्या सोसायटीत पाइपगॅस येणार, येणार असं चार वर्षं चाललं होतं. शेवटी तो आला २०२४ च्या जुलैमध्ये, एका मंगळवारी सकाळी, माझा कुकर दोन शिट्ट्यांवर असताना. दोन माणसं आली, कुकर उतरवायला लावला, शेगडी उलटी केली आणि तिचे जेट, म्हणजे ज्यांच्या भोकातून गॅस बर्नरमध्ये येतो ते, बदलून टाकले. जाताना एकाने बजावलं, "ताई, ही शेगडी आता बाटल्यावर लावू नका. ज्योत हातभर वर येईल." (बाटला म्हणजे गॅसचा सिलिंडर.)

पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, बाटल्यात असतो प्रोपेन आणि ब्यूटेन. पाइपचा दाब कमी आणि त्या वायूची उष्णताही कमी, म्हणून त्याला जेटचं भोक मोठं लागतं. हे सगळं ऐकून मी मान डोलावली, माणसं गेली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओट्याखाली एक बाटला अर्धा भरलेला. बाल्कनीत दुसरा पूर्ण भरलेला, सीलसकट. आणि घरातल्या एकुलत्या एक शेगडीला आता दोन्ही चालणार नाहीत.

(माझी पुण्याची मैत्रीण बाटल्याला टाकी म्हणते आणि आम्ही बाटला म्हटलं की हसते. हसू दे.)

कनेक्शन माझ्या नावावर, २०१६ चं, लग्नानंतर तीन महिन्यांनी घेतलेलं. डबल बाटला. तेव्हा एका बाटल्याची अनामत १४५० रुपये होती आणि रेग्युलेटरची १५०. म्हणजे दोन बाटले आणि एक रेग्युलेटर मिळून ३०५० रुपये कंपनीकडे आठ वर्षं बिनव्याजी पडून. नळी, पुस्तक, जोडणी यांचे पैसे वेगळे भरले होते, ते गेले ते गेलेच. नवऱ्याचं मत पडलं की तीन हजारांसाठी खेटे कोण घालणार, बाटले राहू देत, अडीअडचणीला उपयोगी येतात. सासूबाईंचं मत पडलं की पैसे आपले आहेत. घरात अशा वेळी कोणाचं मत चालतं हे सांगायला नको. शिवाय पाइपगॅसच्या अर्जात बाटल्याचा ग्राहक क्रमांक लिहून दिलेला होता. पाइप आला की घरगुती कनेक्शन परत करणं अपेक्षितच असतं.

ऑगस्टमध्ये मी एजन्सीत गेले. काचेपलीकडच्या बाईंना सांगितलं, कनेक्शन बंद करायचंय.

"टीव्ही काढायचाय का?"

मी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आमचा टीव्ही भिंतीवर व्यवस्थित चालू होता.

"टीव्ही काढायचा तर एसव्ही आणा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

तर हे शब्द आधीच माहीत असलेले बरे. एसव्ही म्हणजे सबस्क्रिप्शन व्हाउचर, कनेक्शन घेताना मिळतो तो कागद. किती बाटले दिले, किती रेग्युलेटर, किती अनामत घेतली, हे सगळं त्यावर असतं. टीव्ही म्हणजे टर्मिनेशन व्हाउचर, कनेक्शन बंद करताना एजन्सी देते तो. एसव्हीवर जो आकडा असेल तोच परत मिळतो, आज बाटल्याची अनामत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. जून २०२२ मध्ये ही अनामत बाटल्यामागे २२०० आणि रेग्युलेटरमागे २५० झाली. म्हणजे आज नवीन डबल कनेक्शन घेणारा ४६५० भरतो आणि मी परत करताना मला ३०५०. "मग आम्हाला आजच्या भावाने द्या की," असं नवरा बोललाच. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

यादी अशी मिळाली: मूळ एसव्ही, गॅसचं निळं पुस्तक, आधारची प्रत, रद्द केलेला चेक, दोन्ही बाटले, रेग्युलेटर. बाटल्यात गॅस उरला असेल तर त्याचे पैसे मिळणार नाहीत. बाहेरगावी चाललात आणि परत येणार असाल तर बाटले एजन्सीत जमा करून कनेक्शन नुसतं थांबवताही येतं, असंही त्यांनी सांगितलं. हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

एसव्ही शोधायला एक रविवार गेला. आमच्याकडे "महत्त्वाचे कागद" अशी एक फाइल आहे. तिच्यात मिक्सरची गॅरंटी होती, मोडलेल्या मिक्सरची. मुलाच्या बालवाडीची फीची पावती होती. २०१७ चं विजेचं बिल होतं. एसव्ही नव्हता. तो निघाला निळ्या पुस्तकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात, पुठ्ठ्याच्या मागे घडी घालून. बहुधा मीच ठेवला असणार, "हरवू नये म्हणून". घडीच्या रेषेवर छपाई उडालेली, पण १४५० नीट वाचता येत होते. हा कागद हरवला तर स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागतं, तेव्हा आधी स्वतःच्या पुस्तकाचं कव्हर सोलून बघा.

मग प्रश्न बाटले रिकामे करण्याचा. गॅसचे पैसे परत मिळत नाहीत म्हटल्यावर सासूबाई अर्धा बाटला तसाच देऊन टाकतील हे शक्यच नव्हतं. माळ्यावरून त्यांच्या काळातली एका बर्नरची शेगडी काढली. तिला जेट जुनेच होते. नवी नळी आणली, बाल्कनीचं दार उघडं टाकलं आणि पुढचे तेरा दिवस आमच्याकडे दोन स्वयंपाकघरं चालली. आत पाइपवर रोजचा स्वयंपाक. बाहेर बाटल्यावर जे जे खूप वेळ शिजतं ते सगळं: तूप कढवणं, शेंगदाणे भाजणं, भाजणी भाजणं, चकल्या तळणं. श्रावण चालू होता, पण आमच्या घराला दिवाळीचा वास होता.

रोज संध्याकाळी सासूबाई ओलं फडकं घेऊन बाटल्यावरून फिरवत. हे माहीत नसेल तर करून पाहा. फडकं फिरवून मिनिटभर थांबायचं. वरचा भाग भराभर सुकतो, आणि जिथपर्यंत आत द्रव गॅस आहे तिथपर्यंत पत्रा ओला राहतो. त्यामुळे बाटल्याच्या पोटावर आडवी रेघ उमटते. सासूबाई त्या रेघेला बोट लावून म्हणायच्या, "अजून एक घाणा निघतो." बाराव्या दिवशी रेघ उमटलीच नाही. तेरावा दिवस शेंगदाण्यांत गेला. मध्येच ज्योत आक्रसली आणि फुस्स करून विझली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं ते मी माझ्या लग्नातही पाहिलेलं नाही.

राहिला भरलेला बाटला. इथे आमच्या हातून चूक झाली.

गणपतीला आम्ही गावी जातो, कणकवलीजवळ. काकूंचा, म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, गॅस नेमका चतुर्थीच्या तोंडावर संपत आला होता आणि नंबर लावूनही येत नव्हता. घरात वीस माणसं, एकवीस मोदकांचे किती घाणे ते विचारू नका. भाऊजी म्हणाले, आपला भरलेला पडलाय, गाडीत टाकून नेतो. रेल्वेत बाटला न्यायला बंदी आहे, गाडीत नेणं हेही काही शहाणपणाचं नाही, आता कळतंय. तेव्हा आम्हाला फक्त एवढंच दिसत होतं की गॅस वाया जाणार नाही आणि काकू खूश होतील. दोन्ही गोष्टी झाल्या. सात दिवस आमच्या बाटल्यावर गाव जेवलं. निघताना पहाटे चारला भाऊजींनी पडवीतला बाटला उचलला आणि डिकीत टाकला. पडवीत दिवा नव्हता. बाटले दोन होते.

सप्टेंबरच्या शेवटी मी रिक्षाने दोन बाटले घेऊन एजन्सीच्या गोदामावर गेले. रिक्षावाल्याने जाण्याचे दीडशे सांगितले आणि मागच्या सीटवर मला बसायला जागा उरली ती एका मांडीपुरती. गोदामातल्या पोऱ्याने पहिला बाटला घेतला. ती माणसं बाटला उचलत नाहीत, खालच्या कड्यावर तिरका करतात आणि एका हाताने गरागरा फिरवत नेतात, जणू भोवरा. तो काट्याला अडकवला. बाटल्याच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या बाटल्याचं वजन लिहिलेलं असतं, आमच्यावर १५.३ होतं. काट्याने १५.४ दाखवलं. सासूबाई तिथे असायला हव्या होत्या.

दुसऱ्या बाटल्याला त्याने नुसता पाय लावून अर्धा फिरवला आणि सोडून दिला.

"ताई, हा आमचा नाही."

मी वाकून पाहिलं. लाल रंग तोच, उंची तीच, आकार तोच. फक्त अंगावर नाव दुसऱ्याच कंपनीचं. इतक्या महिन्यांत, खरं तर इतक्या वर्षांत, मी बाटल्यावरचं नाव कधी वाचलंच नव्हतं. वाचायची गरजही पडत नाही. तिन्ही सरकारी कंपन्यांचा नेहमीचा घरगुती बाटला १४.२ किलो गॅसचाच आणि तोंडही एकाच मापाचं, त्यामुळे एकीचा रेग्युलेटर दुसरीच्या बाटल्याला आरामात बसतो. काकूंकडे गावात पुरवठा दुसऱ्या कंपनीचा. भाऊजींनी आमचा तिथे ठेवला होता आणि त्यांचा रिकामा इकडे आणला होता.

ऑफिसात बाईंनी शांतपणे सांगितलं की दुसऱ्या कंपनीचा बाटला त्यांच्या काही कामाचा नाही. एक तर आमचा आणा, नाहीतर हरवला असं लिहून द्या, पोलिसांत तक्रार करून तिची प्रत आणा, आणि न दिलेल्या बाटल्याची वसुली होईल. तीही जुन्या १४५० ने नाही. "एक बाटला घ्या आणि तेवढ्याचे पैसे द्या" हा माझा मार्ग त्यांना पसंत पडला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की आमच्या शेगडीची तपासणी बरीच वर्षं झालेली नाही आणि तिचे पैसे आधी भरावे लागतील. मी म्हटलं, बाई, शेगडी आता पाइपवर आहे, बाटला तुम्ही घेताय, तपासणी कशाची करणार? त्यांनी संगणकात काहीतरी दोनदा दाबलं आणि तो विषय संपला. माझी खात्री आहे की मी विचारलं नसतं तर पैसे गेले असते.

फाटकाबाहेर एका माणसाने हाक मारली. कोण होता माहीत नाही, गोदामाच्या आसपासचाच असावा. दोन्ही रिकामे द्या, कुठल्या कंपनीचे का असेनात, पाच हजार रोख. कागद नको, रांग नको. नवरा असता तर त्याने दहा सेकंद तरी विचार केला असता. मीही केला, खोटं कशाला बोलू. पण पुस्तकावर नाव माझं, दोन बाटले माझ्या नावावर, आणि उद्या त्यातला एखादा कुठल्या चायनीजच्या गाडीखाली सापडला तर उत्तर मी द्यायचं. घरगुती बाटला धंद्याला वापरणं हा गुन्हा आहे. शिवाय त्यातला एक काकूंचा होता. काकूंचा बाटला विकला हे गावात कळलं असतं तर मी पुढच्या गणपतीला मोदकांना हात लावू शकले नसते.

आमचा रिकामा बाटला त्यांनी तेवढ्यापुरता परत दिला. दोन्ही एकदमच घेतात. म्हणजे परत रिक्षा, परत दीडशे.

काकूंना फोन लावला. काकूंचं म्हणणं सरळ होतं: "अगो, दोनय तांबडे, माका काय कळतला?" आणि लगेच, "पण गॅस झ्याक पेटता हां." म्हणजे आमचा बाटला चालू होता. माझ्या पोटात गोळा आला, कारण तो संपला आणि गावच्या माणसाने बदलून नेला की आमचा बाटला कायमचा गेला. तो नेणार नाही, त्यालाही कंपनी दिसते, असं नवरा म्हणाला. पण ज्या घरात पहाटे चारला बाटले बदलतात त्या घरातल्या माणसाने असं ठामपणे बोलू नये. काकूंना बजावलं की संपला तरी कोणाला देऊ नका. सुदैवाने त्या पावसाळा उतरेपर्यंत भात आणि पाणी चुलीवरच करतात, गॅस फक्त चहाला आणि पाहुण्यांना.

दिवाळीला भाऊजी गावी गेले. जाताना काकूंचा बाटला घेऊन, येताना आमचा. या वेळी मी त्यांना बाटल्यावरच्या नावाचा फोटो पाठवला होता आणि त्यांनीही पडवीतून उलट फोटो पाठवला, बॅटरीच्या उजेडात, बाटल्यासोबत स्वतःचा अंगठा. नोव्हेंबरच्या मध्यावर मी तिसऱ्यांदा रिक्षात बसले.

पोऱ्याने ओळखलं. "आणला का?" म्हणाला आणि पाय लावून फिरवला. आमचाच. काट्याने १७.६ दाखवलं, पट्टीवर १५.५. म्हणजे आत अजून दोन किलो शंभर ग्रॅम गॅस. तेव्हा मुंबईत भरलेला बाटला ८०२ रुपये ५० पैशांना होता, म्हणजे साधारण एकशे एकोणीस रुपयांचा गॅस. मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. परत घरी नेऊन संपवायचा तर रिक्षाचेच तीनशे. दिला.

रेग्युलेटर बाईंनी हातात घेऊन खटका दोनदा फिरवला, खालची पिन दाबून पाहिली, "चांगला ठेवलाय" म्हणाल्या. आठ वर्षांत माझ्या संसारातल्या कुठल्याही गोष्टीला सरकारी माणसाकडून मिळालेली ही एकमेव शाबासकी. मग घोळ निघाला की एक नंबर लावलेला दिसतोय. नवऱ्याने जूनमध्ये सवयीने व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग केलं होतं आणि ते तसंच पडून होतं. ते रद्द केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ते रद्द झालं, मी तीन ठिकाणी सह्या केल्या, आणि प्रिंटरमधून टीव्ही बाहेर आला. दोन बाटले, एक रेग्युलेटर, ३०५०. एसव्ही त्यांनी ठेवून घेतला. मी त्याचा फोटो आधीच काढला होता, कारण एकदा मूळ कागद दिला की आपल्याकडे पुरावा म्हणून फक्त टीव्हीच उरतो.

"पैसे सात-आठ दिवसांत खात्यात."

दहाव्या दिवशी फोन केला. "ऑनलाइन आहे मॅडम आता, आमच्या हातात काही नाही." चौदाव्या दिवशी केला, तेव्हा कळलं की चेकवरचा खाते क्रमांक भरताना एक आकडा चुकलाय. त्यांच्याच हातात होतं की मग. एकोणिसाव्या दिवशी दुपारी मेसेज आला: ३०५० जमा. मी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा नीट वाचला आणि विचारलं, "रिक्षाचे वजा करून?"

रिक्षाचे साडेचारशे गेले होते. नळीचे वेगळे. भाऊजींच्या डिझेलचं कोणी नाव काढलं नाही.

पाइपगॅसवाल्यांनीही अनामत घेतली आहे. ती पावती आता निळ्या पुस्तकाच्या रिकाम्या कव्हरात आहे, पुठ्ठ्याच्या पुढे, मागे नाही.

त्या रात्री काकूंचा फोन आला, बाटला पोचला का विचारायला. पोचला, पैसेही आले, मी सांगितलं. "बरां झालां," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण तुमचो बाटलो बरो होतो गो. आमच्यापेक्षा आठ दीस जास्त चललो." चुलीवर भात शिजवल्यावर चालणारच. दोन किलो शंभर ग्रॅम उरला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.